दहाला हात बाहेर

दुपारी जेवून आरामखुर्चीत डोळा लागला की मला अजून पाण्याचा आवाज येतो. बारीक, गोल फिरणारा. दवाखाना बंद करून दोन वर्षं झाली. खुर्ची, दिवा, एक्स-रेचं यंत्र सगळं एका तरुण डॉक्टरला देऊन टाकलं, तरी तो आवाज माझ्याबरोबर घरी आला. दातांच्या दवाखान्यात खुर्चीच्या डाव्या हाताला चूळ टाकायचं पांढरं भांडं असतं ना, त्याचा आवाज. बटण दाबलं की कडेनं धार सुटते, भांड्याला वळसे घालत घालत मधल्या भोकात उतरते. चौतीस वर्षं संगमनेरात ते पाणी माझ्या कोपरापाशी फिरत होतं आणि त्यातली कित्येक वर्षं मी एकदाही त्याच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. पाहायला शिकवलं एका नऊ वर्षांच्या मुलीनं.

संपादकांनी 'दवाखान्यातले गमतीदार पेशंट' असा विषय सुचवला होता. तसे आहेत माझ्याकडे. इथल्या एमआयडीसीतला एक धिप्पाड सुपरवायझर सुई दिसली की "मॅडम, एक मिनिट, फोन आलाय" म्हणून बाहेर जायचा, तो थेट पुढच्या महिन्यात उगवायचा. एक आजोबा लग्नाला जाताना कवळी खिशात ठेवायचे, फोटोपुरती तोंडात बसवायचे आणि पंगतीला बसताना पुन्हा खिशात. त्यांच्यावर पानंच्या पानं लिहिता येतील. पण लिहायला बसले की डोळ्यांसमोर श्रावणी येते, आणि बाकीचे आपोआप बाजूला होतात.

श्रावणी स्वमग्न आहे. हा शब्द आता पुष्कळांना माहीत असतो, पण तोंडात हात घालणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा कळतो. आपल्याला डोक्यावरचा दिवा म्हणजे दिवा. अशा मुलांना तो डोळ्यांत घुसतो. यंत्राची घरघर आपल्याला नुसती नकोशी वाटते, त्यांना ती अंगभर लागते. पेस्टमधला पुदिना आपल्याला गार वाटतो, त्यांच्या जिभेला त्याचा चटका बसतो. फेस नको, ब्रशचे केस नकोत, रबरी हातमोज्याचा वास तर नकोच. मग दात घासायचे राहतात, किडतात, आणि दुखलं तरी 'दुखतंय' हे सांगता येत नाही. मूल चावतं, डोकं आपटतं, आणि लोक म्हणतात, आज हिचं जास्तच चाललंय. दाढ कुणी बघत नाही.

ती पहिल्यांदा आली तेव्हा पाच वर्षांची होती. आईबाप, लता आणि भाऊसाहेब, पाथर्डी तालुक्यात तिसगावच्या पलीकडचे. दिवाळी झाली की बैलगाडी घेऊन आमच्या भागात ऊसतोडीला यायचे आणि फडाशेजारी पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांच्या झोपडीत, राहायचे. आईबाप ऊस तोडत असताना पोरीच्या हातात उसाचं कांडं असायचं. दिवसभर चघळायची. तेवढ्यानं ती शांत राहायची, म्हणून कुणी काढून घेत नव्हतं. पुढचे दुधाचे दात काळे पडून गेले होते आणि एक सुजला होता.

त्या दिवशी बाहेर बाकावर दहा-बारा माणसं ताटकळत होती. पोरगी खुर्चीजवळसुद्धा येईना. मी तेव्हा फार हुशार होते. म्हटलं, "धरा हिला." भाऊसाहेबांनी हात धरले, माझ्या मदतनीस सुमनताईंनी पाय, लतानं डोकं आणि शेजारच्या औषधाच्या दुकानातल्या माणसानं गुडघे. आणि मी कामाला लागले, तोंडानं आमचा नेहमीचा जप चालू ठेवून : "झालं, झालं, झालं बाळा, झालं!"

दातांच्या डॉक्टरांचं हे खोटं मला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. सगळेच म्हणतात. सुईच्या आधी झालं, सुई आत असताना झालं, चिमटा हातात घेताना झालं. इतर मुलं रडता रडता समजून घेतात की बाई उगाच म्हणतायत. ही मुलगी शब्दावर विश्वास ठेवणारी निघाली. प्रत्येक 'झालं'ला तिचं अंग क्षणभर सैल पडायचं आणि पुन्हा कळ आली की ताठ व्हायचं. हे मला तेव्हाही हाताला कळत होतं. मी थांबले नाही. दात निघाल्यावर घड्याळ बघून सुमनताईंना म्हटलं, "बघा, चार मिनिटांत!" झटापटीत पोरीनं ओरबाडलेल्या स्वतःच्या हाताला त्या कापूस लावत होत्या.

चार वर्षं गेली. संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. दुपारी एक वाजता दवाखाना बंद करून सुमनताई शटर ओढत होत्या, तेवढ्यात दारात लता उभी राहिली. मागं पदराला धरून पोरगी. उजवा गाल सुजलेला.

"वळखलं का, डाक्टरीनबाई? चार साल झाली. तुमीच काडला हुता हिचा दात."

मी ओळखलं नव्हतं. पोरीनं मात्र मला ओळखलं. ती उंबऱ्याबाहेर मटकन बसली, कपाळ भिंतीवर हळूहळू आपटायला लागली आणि म्हणाली, "झालं, झालं, झालं बाळा, झालं."

माझ्या आवाजात. माझ्या हेलात. शेवटच्या 'झालं'वर मी जो जोर देते, तो जोर देऊन.

"दुकाया लागलं का आसंच म्हनती बगा," लता म्हणाली. "दुसरं कायबी बोलत न्हाई. कुटून शिकली, द्येव जानं."

मी तिथल्या बाकावर बसले. खोटं कशाला सांगू, मला ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं. चार वर्षं, कुठंही लागलं, ठेचलं, भाजलं, की ही मुलगी माझं ते खोटं म्हणत होती. दुखण्याला तिच्यापाशी तेवढाच शब्द होता आणि तो मी दिला होता.

लताला जे सांगायचं होतं ते तिनं उभ्या उभ्या सांगितलं. पोरगी फडात किंचाळते, बैलं बुजतात. मुकादमानं बजावलं होतं, पुढच्या साली हिला गावी ठेवून या, नाहीतर येऊ नका. गावी सांभाळणारं कुणी नव्हतं.

"आता तर बांदूनच ठिवतो, बाई. साडीनं, बाजंला. दुसरं करू तरी काय? माजा जीव तुटतो, पन कोयता सोडून तिच्यामागं कोन पळनार?"

दुधाची मागची दाढ सडून पू झाला होता, एवढं मला गालावरूनच कळलं. सुजेवर औषध दिलं. दाढ काढायला मोठ्या शहरात नेऊन भूल द्यावी लागेल, असं सांगितलं. लतानं मान हलवली, जशी आपण चंद्रावर जा म्हटल्यावर हलवू. मग म्हणाली, "तुमालाच जमंल. तवा बी तुमीच केलं हुतं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे हंगाम संपायला, दोन महिने होते. तेवढ्यात ते तोंड माझ्यासाठी उघडायला हवं होतं. ज्या बाईनं ते जबरदस्तीनं उघडलं, तिच्याचसाठी.

भाऊसाहेबांची गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर रांगेत लागली की लताला दुपारचे दोन-तीन तास मोकळे मिळायचे. आठवड्यातून तीन-चारदा ती पोरीला घेऊन यायची. शटर अर्धं खाली, रस्त्यावरचा उजेड जमिनीवर एका पट्टीत पडलेला, पंखा मंद. सगळं गाव जेवून आडवं झालेलं. पहिल्या तीन वेळा श्रावणी उंबऱ्यातच बसली. चौथ्या वेळी मी सहज भांडं धुवायला बटण दाबलं. ती उठली, तडक आत आली आणि भांड्याच्या कडेला हनुवटी टेकवून पाहायला लागली.

अर्धा तास पाहिलं तिनं. पाणी थांबलं की माझं बोट धरून बटणावर न्यायची. मला बोलायची खोड, पण त्या दिवशी गप्प राहिले. आणि काय करणार, मीही पाहिलं. धार एकसारखी नसते. एका जागी ती थोडी जाड होते, तिथं उजेड अडकतो, आणि तो उजेड पाण्याबरोबर वाहून न जाता जागच्या जागी थरथरत राहतो. पाहता पाहता आपण दवाखान्यात आहोत की प्रवरेच्या काठी बसलोय, हे कळेनासं झालं. त्या दुपारी एकमेकींत मिसळून गेल्यात. किती होत्या, आज सांगता येणार नाही.

पण महिना गेला तरी तोंड काही उघडेना. आरसा दाखवला की ओठ घट्ट. सूज उतरली होती ती पुन्हा भरायला लागली. एक दिवस मी बॅटरीच्या उजेडात लांबूनच पाहत होते आणि तिच्या हिरडीवर मला काळपट काहीतरी दिसलं.

"हे काय?"

लता खाली बघायला लागली. मग पुटपुटली, "मिसरी."

तंबाखू तव्यावर काळी भाजून तिची पूड करायची आणि बोटानं दातांना घासायची, ही आमच्याकडच्या कित्येक बायकांची सकाळ असते. लता लावायची, मला माहीत होतं. पण पोरीला?

"दुकायचं थांबतं, बाई. आमच्याकडं दाड दुकली का समद्याच बाया लावत्यात."

मी तिला फाडफाड बोलले. नऊ वर्षांच्या पोरीला तंबाखू, अक्कल आहे का, वगैरे वगैरे. लता मान खाली घालून ऐकत होती. सुमनताई हत्यारं पुसत होत्या. त्यांनी मला मध्येच तोडलं, जे त्या कधी करत नसत.

"बाई, पण पोरगी लावून घेते की."

जे तोंड कुणासाठी उघडत नव्हतं त्यात ही आई रोज सकाळी बोट घालत होती आणि मला ते विचारायचं सुचलं नव्हतं.

"कशी लावतेस? दाखव."

लतानं जमिनीवर मांडी घातली. बरोबर आणलेली वाकळ पसरली. जुन्या साड्यांची शिवलेली ती जड गोधडी तिनं पोरीच्या अंगावर गळ्यापर्यंत घातली. पोरीचं डोकं मांडीवर, तोंड वर. मग डाव्या वरच्या दातापासून बोट फिरवत उजवीकडे, तिथून खाली, परत डावीकडे. प्रत्येक दिवशी हाच क्रम. श्रावणीनं आ केला होता आणि ती पंख्याकडे पाहत होती. मी चौतीस वर्षांत एवढं निवांत तोंड फार थोड्यांचं पाहिलंय.

मिसरी मी बंद करायला लावली. बोट तेच ठेवलं, त्याला ओलं फडकं गुंडाळलं. वाकळ तीच, क्रम तोच. चार-पाच दुपारी लताचं बोट. मग लताच्या बोटाशेजारी माझं, बिनमोज्याचं, हात धुऊन. पुढं मोजा घालून, तोही आधी तिला हुंगायला देऊन. आणि तेव्हाच मी नियम ठरवला, तिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. हात आत गेला की मोठ्यानं मोजायचं, एक ते दहा, सावकाश. दहाला हात बाहेर. काम झालेलं असो, अर्धं असो, काहीही असो. 'झालं' हा शब्द दवाखान्यात बंद. सुमनताईंना तो इतका सवयीचा होता की त्या जीभ चावत फिरायच्या.

बोटाचे दहा जमले. आरशाचे दहा जमले. हिरडी बधिर करायची जेली कडू लागली तेव्हा ती आठवडाभर उंबऱ्याबाहेर बसली. पुन्हा पाण्यापासून सुरुवात केली.

शेवटी पट्टा पडायला दोन दिवस उरले. ऊस संपत आला होता, गाड्या परतीच्या तयारीत होत्या. गावी गेल्यावर ही दाढ कुणी बघणार नव्हतं. त्या दुपारी खुर्ची पूर्ण आडवी केली. लता तिच्यावर निजली, लताच्या अंगावर श्रावणी, तिच्यावर वाकळ. मोठा दिवा लावलाच नाही. सुई मी लपवली नाही. म्हटलं, "टोचेल. दहापर्यंत टोचेल." टोचलं, ती ताठ झाली, डोळ्यांतून पाणी आलं. दहाला सुई बाहेर. ती उठली, भांड्यापाशी गेली, पाणी पाहून परत आली.

पुढच्या दहात हिरडी सुटी केली. त्यापुढच्या दहात दाढ हलली. मग चिमटा. सहाला नीट बसला, आठला दाढ सरकली, नऊला अर्धी वर आली. आणि दहा.

ज्यानं कधी दात काढलाय त्यालाच कळेल. आता नुसतं मनगट वळवायचं होतं. एक क्षण.

"वडा की, बाई! आलीच की!" खालून लता ओरडली.

सुमनताईंचेही डोळे तेच म्हणत होते. माझं मनगट तर माझं ऐकायलाच तयार नव्हतं. आणि जिभेवर, आज कबूल करते, 'झालं झालं' येऊन थांबलं होतं.

मी हात बाहेर घेतला.

श्रावणी उठली. ओठाला रक्त, दाढ तशीच लोंबकळत. भांड्यापाशी जाऊन तिनं स्वतः बटण दाबलं आणि थुंकली. लाल धागा पाण्याबरोबर फिरायला लागला, बारीक होत होत गेला. मीही तिच्याशेजारी जाऊन पाहत उभी राहिले. माझ्या मनात एकच होतं, आता ही परत खुर्चीवर येणार नाही, गाडी परवा निघेल आणि पुढच्या साली हिला गावात कुठल्या तरी खांबाला बांधतील. मी केलं ते शहाणपण की मूर्खपणा, मला कळेना. पंखा फिरत होता. किती वेळ गेला, सांगता येत नाही.

मग ती वळली, आईच्या अंगावर चढून पाठीवर निजली आणि वाकळ स्वतःच गळ्यापर्यंत ओढून घेतली. मी चिमटा उचलला. मोजायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्याकडे लक्ष गेलं. ती माझ्याकडे नाही, पंख्याकडे पाहत होती.

"एक," श्रावणी म्हणाली.

आणि तिनं तोंड उघडलं. 'दोन' मी म्हटलं. 'तीन'ला दाढ माझ्या हातात होती. सुमनताई टाळी वाजवणार होत्या, मी डोळ्यांनीच दटावलं. जखमेवर कापूस धरला आणि मोजत राहिले. तिला दहा सांगितले होते, दहा व्हायला हवे होते. चार, पाच, सहा. खालून लता हुंदके देत होती आणि प्रत्येक हुंदक्याला श्रावणी वर-खाली होत होती. दहाला मी हात बाहेर घेतला.

तिसऱ्या दिवशी गाड्या गेल्या. दात घासायला मऊ ब्रश दिला, पेस्टशिवाय, आणि लताला बजावलं की बोटाचाच क्रम ठेव. उसाचं कांडं सोडवणं काही जमलं नाही. चघळून झालं की भरपूर पाण्यानं चूळ, एवढ्यावर आम्ही तडजोड केली.

दिवाळीनंतर ते पुन्हा आले, पोरीसकट. लतानं खुर्चीवर वाकळ पसरली तर वाकळेच्या मधोमध मला एक नवं हिरवं ठिगळ दिसलं.

"ही ती बाजंला बांदायची साडी," ती म्हणाली. "फाडून वाकळंला लावली. आता बांदत न्हाई आमी. दाड गेली, किंचाळनं बी कमी झालं, मुकादम बी काय म्हनला न्हाई."

"आणि मिसरी?"

"सोडली," ती म्हणाली. माझ्या चेहऱ्याकडे बघून भर घातली, "म्हंजे, तिच्या म्होरं न्हाई लावत."

श्रावणी भांड्यापाशी पोचली होती. बटण दाबून हनुवटी टेकवून उभी. लता जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, ते 'झालं झालं' बंद झालं बगा तिचं. परवा पाचटानं पाय कापला, चांगला लांबलचक. मी पळत गेले, म्हटलं आता डोकं आपटनार. तर खाली बसलेली, पाय धरून, अन् मोजत हुती. दहा झाल्यावर उटली."

मी भांड्यापाशी गेले, श्रावणीच्या शेजारी हनुवटी टेकवली. धार ज्या जागी जाड होते तिथं उजेड थरथरत होता. सुमनताईंनी शटर अर्धं खाली ओढलं. पाणी थांबलं की ती माझं बोट धरून बटणावर न्यायची, मी दाबायचे.